चांगलं पाणी म्हणजे कशासाठी चांगलं?

मागच्या व्याख्यानात आपण ‘शुद्ध’ या शब्दाचा विचार केला. त्यावर परदेशी राहणाऱ्या काही मराठी श्रोत्यांनी विचारलं, की आम्ही घरी बिअर करतो, त्यासाठी पाणी ‘शुद्ध’ करायचं म्हणजे नेमकं काय? आज तोच प्रश्न घेऊ. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती करणं गुन्हा आहे. तेव्हा भिवंडीकरांनी हे समजून घेण्यापुरतंच ऐकावं!

सुरुवात मात्र भिवंडीपासूनच करू. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. त्या साईझिंगच्या कारखान्यात वाफेसाठी बॉयलर असतो. तिथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, जड पाणी नको. जड म्हणजे पुस्तकातलं कठीण पाणी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेलं. त्याचा थर बॉयलरमध्ये बसतो आणि जळण जास्त लागतं. घरीही तेच. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून आपण ठरवून टाकतो, की कॅल्शियम वाईट.

आता बिअरकडे बघा. जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट होतं. त्याचा भरडा साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. धान्यातली विकरं तेवढ्या वेळात पिठाची साखर करतात. हे काम नीट व्हायला त्या मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ च्या आसपास असावा लागतो. (सामूची कल्पनासुद्धा बिअरच्याच घरातली. १९०९ साली सोरेनसेन यांनी ती मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत.) पाण्यातलं कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून खाली बसतं, आणि त्या क्रियेत आम्लता वाढते. म्हणजे सामू हवा तिकडे सरकतो. बॉयलरचा शत्रू इथे मित्र झाला.

उलट काम करतं बायकार्बोनेट. ते आम्लता शोषून घेतं आणि सामू वर ठेवतं. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. तिथली फिकट, कडवट बिअर हिंदुस्थानला जहाजांनी येऊन प्रसिद्ध झाली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. भाजलेलं काळं धान्य आंबट असतं, ते या पाण्याला तोलून धरतं, म्हणून तिथे काळी बिअर जमली. पिल्सनचं पाणी अगदी हलकं, आणि १८४२ साली तिथे सोनेरी लागर निघाली. प्रत्येक गावाने आपल्या पाण्याला मानवेल ते पेय केलं. पुढे रसायनशास्त्र आलं आणि पेयाला मानवेल असं पाणी करता येऊ लागलं.

ते कसं करायचं? आधी पाण्याचा तपासणी अहवाल मिळवायचा. त्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट, सल्फेट आणि क्लोराइड हे चार आकडे पाहायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी घालवायचं, नाहीतर बिअरला औषधासारखा वास येतो. साधं क्लोरीन उकळून जातं. क्लोरॅमिन तसं सहज जात नाही, त्याला मेटाबायसल्फाइटची चिमूट लागते. कॅल्शियम लिटरमागे निदान ५० मिलिग्रॅम असावं असा सर्वसाधारण अंदाज धरतात. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम जिप्सम घातलं, तर लिटरमागे सुमारे २३ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५६ मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. सल्फेटने कडवटपणा खणखणीत होतो. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड घातलं तर चव भरीव, गोलसर लागते. बायकार्बोनेट जास्त असेल तर थोडं लॅक्टिक आम्ल घालतात, किंवा आरओचं पाणी मिसळून ते पातळ करतात.

इथे ‘शुद्ध’चा घोटाळा लक्षात येतो. आरओ यंत्र पाण्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकतं. पण असं पाणी भरड्याला पुरत नाही, त्यात पुन्हा मोजून क्षार घालावे लागतात. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं, तिथून मुंबईला जाणाऱ्या जलवाहिन्या आपल्याच तालुक्यातून जातात. त्या तलावातलं पाणी पावसाचं, खाली बेसाल्टचा कातळ, म्हणून ते हलकं. बोअरचं पाणी जमिनीत मुरताना क्षार घेत येतं, शेजारच्या दोन बोअरचंही सारखं असेलच असं नाही. यातलं चांगलं कुठलं? बॉयलरसाठी, डाळीसाठी की भरड्यासाठी, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

क्षार पाण्यात असतात, ते मोजता येतात. ‘चांगलं’ मात्र पाण्यात विरघळलेलं नसतं. ते पाणी आणि काम यांच्या नात्यात असतं. म्हणून काय घालू, हा प्रश्न तिसरा. आधी विचारायचं, काय करायचं आहे? मग, आत्ता पाण्यात काय आहे? पहिले दोन सोडून जो तिसऱ्यालाच हात घालतो, तो जिप्समची पुडी अंदाजाने ओततो. आणि ही सवय काही बिअरपुरती राहत नाही, हे आपण सगळे जाणतो.