पत्र्याच्या खोलीला किती टनांचा ‘एसी’?

लोणी भापकर (ता. बारामती) : बारामती म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर ऊस, कालवे आणि साखर कारखाने उभे राहतात. तालुक्याच्या पश्चिमेकडील जिराईत पट्ट्याचे चित्र मात्र निराळे आहे. लोणी भापकर हे त्याच पट्ट्यातील गाव. येथील मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर, त्याजवळची पुष्करिणी आणि वराहाची मूर्ती पाहण्यासाठी अभ्यासक व हौशी मंडळी वाट वाकडी करून येतात. मे महिन्याच्या भर दुपारी मंदिरात शिरले, की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. जाड दगड तापेपर्यंत दिवस कलतो. तेथून निघून रस्त्याकडेच्या एखाद्या पत्र्याच्या गाळ्यात पाऊल टाकावे, तर भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखे वाटते.

असे गाळे आज गावोगाव आहेत. कोठे ऑनलाइन दाखले काढून मिळतात, कोठे मोबाइल दुरुस्त होतात, कोठे औषधांचे दुकान आहे. अनेक औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. संगणक आणि छपाईयंत्रेही उन्हाळ्यात कुरकुर करू लागतात. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसविणे ही आता निव्वळ चैन राहिलेली नाही. पुण्या-पिंपरीतही गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शिकवण्या चालतात आणि मोटारीच्या गॅरेजचे रूपांतर कार्यालयात होते. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे : यंत्र घ्यायचे कोणते?

दुकानात गेल्यावर विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो खोलीच्या चौरस फुटांचा. १२० चौरस फूट असे उत्तर दिले, की ‘एक टन पुरे’ असा निकाल मिळतो. प्रस्तुत प्रतिनिधीने अशा तीन दुकानांत चौकशी केली. वर स्लॅब आहे की पत्रा, हे एकाही ठिकाणी कोणी विचारले नाही. वास्तविक या खरेदीत तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. कृत्रिम बर्फाचा व्यापार जोरात होता, त्या काळातले हे माप आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. खोलीत दर क्षणाला किती उष्णता शिरते, हे कळल्याशिवाय ती बाहेर काढण्यास किती टन लागतील, हे सांगता येत नाही. चौरस फुटांचा ठोकताळा बसला आहे तो शहरी सदनिकांवरून. तेथे डोक्यावर बहुधा दुसऱ्याचे घर असते. पत्र्याच्या खोलीच्या डोक्यावर थेट सूर्य असतो.

१० बाय १२ फुटांची खोली घेऊन ढोबळ हिशेब मांडून पाहू. छपराचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर. उन्हात साधा लोखंडी पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. खोली २६ अंशांवर ठेवायची म्हटली, तर दर चौरस मीटरमागे २०० वॉटच्या आसपास उष्णता खाली उतरते. एकूण झाली सव्वादोन किलोवॉट. म्हणजे एक टनाच्या यंत्राची साठ टक्क्यांहून अधिक ताकद एकट्या छपराशी झगडण्यात खर्ची पडली. विटांच्या भिंतींतून आणखी सुमारे एक किलोवॉट. दोन-तीन माणसे आणि संगणक मिळून पाऊण. शिवाय गिऱ्हाईक आले की दार उघडते, ते वेगळेच. बेरीज साडेचार किलोवॉटच्या घरात जाते. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४० अंशांच्या पुढे पारा गेला, की तीही घटते. थोडक्यात, एक टनाचे यंत्र येथे दिवसभर धापा टाकत राहील आणि खोली काही थंड होणार नाही. मग मालक यंत्राला दोष देतो.

आधी छप्पर, मग यंत्र

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे दीड टनाचे यंत्र घेणे. बहुतेक जण तेच करतात. पण त्याच पत्र्याखाली दोन इंच जाडीचा उष्णतारोधक थर दिला, तर छपरातून येणारी सव्वादोन किलोवॉट उष्णता पाव किलोवॉटवर येते. बेरीज साडेचारवरून अडीचवर उतरते आणि एक टनाचे यंत्र निवांत चालते. दीड टनाचे यंत्र आठ तास जवळजवळ पूर्ण ताकदीने चालले, तर ११ युनिटच्या आसपास वीज जाते. छप्पर झाकलेल्या खोलीत एक टनाचे इन्व्हर्टर यंत्र सहा युनिटमध्ये भागवू शकते. उन्हाळ्याचे ७८ कामाचे दिवस धरले, तर ३९० युनिटची बचत होते. युनिटला १० रुपये गृहीत धरल्यास एका हंगामात ३,९०० रुपये वाचले. दोन यंत्रांच्या किमतीतील फरक वेगळा.

थर कशाचा द्यावा, हा तपशिलाचा भाग आहे. नवी खोली बांधायची असेल, तर पत्र्याऐवजी पफ पॅनेलच घ्यावे. जुन्या पत्र्याखाली रॉकवूल किंवा थर्माकोल बसविता येतो. थर्माकोल स्वस्त असला तरी चटकन पेट घेतो, म्हणून तो उघडा न ठेवता त्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचे फॉल सीलिंग करावे. पत्रा आणि सीलिंग यांमध्ये वीतभर पोकळी सोडून दोन्ही टोकांना जाळी बसविली, तर तापलेली हवा परस्पर निघून जाते. हा खर्च झेपत नसेल, तर निदान पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, किंवा पत्र्यापासून फूटभर उंचीवर शेडनेट ताणावे. या भागातील शेतकऱ्याला हे नवीन नाही. कोंबड्यांच्या शेडवर उन्हाळ्यात पाचट अंथरायचे आणि पाणी मारायचे, हे पोल्ट्रीवाला न विसरता करतो. स्वतःच्या दुकानाच्या छपराची वेळ आली, की मात्र तो थेट यंत्राच्या दुकानात जातो!

पत्र्याचा एक गुणही सांगितला पाहिजे. तो जसा लवकर तापतो, तसाच लवकर निवतो. स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री खोलीत सोडत राहतो. जिराईत भागातील कोरड्या हवेत पत्र्याची खोली मात्र सूर्यास्तानंतर दोन्ही खिडक्या उघडल्या की बऱ्यापैकी थंड होते. म्हणजे यंत्राची खरी गरज साधारण अकरा ते सहा एवढीच.

तारांकनाचा हिशेब

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या पट्टीवर छापलेले वार्षिक युनिट वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. वर हिशेब केलेल्या दुकानात जेमतेम सहाशे-साडेसहाशे तास होतात. त्यामुळे पंचतारांकित यंत्रासाठी मोजलेली जादा रक्कम वसूल होण्यास जाहिरातीत सुचविले जाते त्याच्या अडीचपट काळ लागतो. बारा महिने तेरा काळ यंत्र चालू ठेवणाऱ्या औषध दुकानाने पाच तारे जरूर घ्यावेत. केवळ उन्हाळ्यापुरता वापर असणाऱ्याने तीन तारे घेऊन उरलेले पैसे छपरात घालावेत, असे आमचे मत आहे. पट्टीवरचे वर्षही पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा आदल्या दिवशीची पंचतारांकित यंत्रे चार ताऱ्यांवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये या यंत्रांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीची किंमतपत्रके प्रमाण मानू नयेत. पुण्यातील कार्यालयांतून निघालेली जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांत आर-२२ वायू असेल, तर मोहात पडू नये.

खिडकीतला एसी की स्प्लिट? पत्र्याच्या भिंतीत खिडकीचा एसी थरथरतो आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीत घुमतो. विटांची भिंत असेल तर तो चालेल, दुरुस्तीलाही सोपा. स्प्लिटचा बाहेरचा भाग तापलेल्या छपरावर चढविण्याची चूक सर्रास होते. तो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलगत, सावलीत, पण वारा मोकळा राहील असा बसवावा. चाकांवर फिरणारा ‘पोर्टेबल’ एसी अशा खोलीसाठी घेऊच नये. तो आतली हवा नळीने बाहेर फेकतो आणि तितकीच तापलेली हवा फटींतून आत ओढली जाते.

मग साधा कूलर काय वाईट? कोरड्या हवेत, ४० अंशांवर, तो उत्तम काम करतो. पॉलिहाऊसमधील पंखा आणि ओल्या पॅडची यंत्रणाही त्याच तत्त्वावर चालते. मात्र मध्यम आकाराचा कूलर ताशी सात ते दहा लिटर पाणी पितो. दुष्काळी वर्षांत टँकरची वाट पाहणाऱ्या पट्ट्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी हवेत उडवायचे का, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोगही उरत नाही.

जिवाशी गाठ

यंत्र निवडण्यात चूक झाली तर पैसे जातात. वायरिंगमध्ये चूक झाली तर माणूस जातो. पत्र्याच्या खोलीत एखादी तार सोलली गेली आणि अर्थिंग नीट नसेल, तर छप्पर, दार, खुंटी असे सगळेच लोखंड वीजभारित होते. म्हणून एसीसाठी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर करू नये. जोडणीचा मंजूर भार वाढवून घ्यावा, आणि दुकान असेल तर मीटर घरगुती नव्हे, वाणिज्यिक हवे. रोहित्रापासून दूर, तारेच्या शेवटच्या टोकाला दाब बराच खाली येतो. यंत्र किती व्होल्टपर्यंत तग धरते, हे माहितीपत्रकात पाहावे. दुपारी तीनच्या सुमारास आपल्या प्लगमधील दाब वायरमनकडून मोजून घ्यावा आणि गरज असेल तरच स्टॅबिलायझर घ्यावा. गॅरेजची खोली असेल, तर बंद दाराआड मोटार किंवा जनरेटर एक मिनिटही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. एसी खोलीतलीच हवा फिरवीत राहतो, तो ती शुद्ध करीत नाही.

राहिली गोष्ट अर्थिंगच्या खड्ड्याची. मुरमाड जमिनीत तो उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. नेमक्या याच महिन्यांत एसी सर्वाधिक चालतो. काही अनुभवी वायरमन एसीच्या पाणी गळणाऱ्या नळीचे तोंड थेट या खड्ड्यात सोडतात. युक्ती चांगली आहे. मात्र मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती नळी थेंबथेंबच गळते, तेव्हा आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी हातानेच ओतावे लागते.