शंभर पाहुणे, दोनशे पाव : बावर्ची व्यवसायाला एक नवी जोड

लग्न, वलीमा, अकीका, शाळेचे स्नेहसंमेलन, क्रिकेटचे सामने. माणसे जमली की खाणे आले आणि खाणे आले की बावर्ची आला. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे 2023 पर्यंतच्या उस्मानाबादेत, हा व्यवसाय जुना आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे देग, दालचा, खट्टा, डबल का मीठा हे शब्द येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण आजकाल अनेक घरांतून वेगळीच मागणी येते. "पंगत नको, हातात घेऊन उभ्याने खाता येईल असे काहीतरी करा," असे तरुण मंडळी म्हणतात. ही मागणी आपल्या होतकरू तरुणांनी कशी पुरी करावी आणि त्यात चार पैसे कसे उरवावेत, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

पदार्थ परका, रीत ओळखीची

अमेरिकेत मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून, त्याचे धागे सोडवून, आंबटगोड तिखट रसात कालवतात आणि छोट्या पावात भरून देतात. तेथे दक्षिणेकडच्या राज्यांत यासाठी बहुधा डुकराचे मांस वापरतात; ते आपल्या कामाचे नाही. पण तोच प्रकार कोंबडीचाही होतो आणि तो अधिक लवकर तयार होतो. छोट्या बर्गरला तिकडे 'स्लायडर' म्हणतात. 1921 साली कॅन्सास राज्यातील विचिटा शहरात सुरू झालेल्या 'व्हाइट कॅसल' या दुकानाने असे लहान बर्गर स्वस्तात विकून मोठा धंदा उभा केला.

आपल्याला यात नवे ते किती? मांस शिजवून घोटण्याची रीत हलीममध्ये आहेच. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. घास-दोन घासांत संपणारी खिम्याची लुकमी हैदराबादी लग्नांत पूर्वापार चालत आलेली आहे. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि तेथून घरोघरी गेला. आणि लाकडाच्या धुराचा वास? तो आपला बावर्ची एका निखाऱ्यावर तूप सोडून आणतो. त्याला आपण धुंगार म्हणतो. म्हणजे अवजारे आपलीच आहेत, मांडणी तेवढी नवी आहे.

आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीसाठी नावाजलेला आहे. पण शेळीचे मटण कोंबडीपेक्षा बरेच महाग पडते आणि शंभर माणसांचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. म्हणून येथे कोंबडीच बरी.

माल किती लागतो?

नवशिका बावर्ची पहिली चूक येथेच करतो. जिवंत कोंबडीचे वजन आणि पावात जाणारे मांस यांत मोठा फरक असतो. शंभर माणसांना प्रत्येकी दोन पाव धरले तर 200 पाव झाले. एका पावात 45 ग्रॅम मांस म्हणजे एकूण 9 किलो तयार मांस हवे. साफ केलेल्या हाडासकट कोंबडीतून शिजल्यावर साधारण 45 टक्के मांस निघते, म्हणून 20 किलो साफ कोंबडी लागेल. त्यासाठी जिवंत 30 किलो, म्हणजे दोन-दोन किलोच्या 15 कोंबड्या घ्याव्या लागतील.

छातीचे मांस कोरडे पडते, तंगडीचे रसाळ राहते. दोन्ही मिसळून घ्यावे. हाडे टाकू नयेत. त्यांचे पाणी रसात घालावे, उरले तर दालच्यात चालते. कोंबड्या कोणाकडून घेतल्या आणि जबह कोणी केले, हे गिऱ्हाईक विचारतेच. तेव्हा उत्तर तयार आणि खरे असावे. आपल्या धंद्याची पहिली हमी तीच आहे.

रस

9 किलो मांसाला 4 किलो पिकलेले टोमॅटो, दीड किलो कांदा, 200 ग्रॅम लसूण, 600 ग्रॅम गूळ, 150 ग्रॅम चिंच, 100 ग्रॅम लाल तिखट, 30 ग्रॅम मिरपूड आणि चवीपुरते मीठ घ्यावे. आधी कांदा-लसूण तेलावर लाल करून घ्यावा. मग टोमॅटो घालून ते निम्मे होईपर्यंत आटवावे, चिंचेचा कोळ आणि गूळ घालून पुन्हा शिजवावे. शेवटी चमचाभर काळा मसाला घातला की रस आपल्या मातीचा होतो. गूळ आधीच घातला तर देगेच्या बुडाला लागतो, म्हणून तो नेहमी मागाहून. हा रस आदल्या दिवशी करून ठेवला तर चव अधिक मुरते.

शिजवणे आणि सोडवणे

कोंबडीला आले-लसूण, मीठ आणि थोडी हळद चोळून तासभर ठेवावी. जाड बुडाच्या देगेत कांद्याच्या थरावर मांडून वर घट्ट झाकण घालावे आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. वरून पाणी जास्त घालू नये, कोंबडीचे स्वतःचे पाणी सुटते. मांस हाडापासून आपोआप सुटू लागले की उतरवावे. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनी सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात 74 अंश सेल्सिअस पाहावे. त्याखाली कोंबडी सुरक्षित नसते.

मांस कोमट असतानाच सोडवावे. थंड झाले की धागे निघत नाहीत, चुरा होतो. स्वच्छ धुतलेले हात, वर हातमोजे, हाताशी दोन काटे-चमचे असावेत. लहान हाडे शोधून काढण्यासाठी एक माणूस वेगळा ठेवावा. मुलाच्या घशात हाड अडकले तर बाकी सारी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

सोडवलेले मांस आणि रस एकत्र करून हाडांचे लिटर-दीड लिटर पाणी घालावे, दहा मिनिटे उकळी द्यावी. मग मध्ये स्टीलची वाटी ठेवून तीत चार-पाच लालबुंद निखारे घालावेत, त्यावर चमचाभर तूप सोडून झाकण लावावे. पाच-सात मिनिटे पुरेत. जास्त वेळ ठेवले की चव कडवट होते.

पाव आणि वाढप

बेकरीवाल्याला दोन दिवस आधी सांगून 25 ते 30 ग्रॅमचे लहान पाव करून घ्यावेत. आम्ही स्वतः एकदा घरच्या अकीक्यात फार हौशीने सगळे पाव तासभर आधीच भरून ठेवले. पाहुणे येईपर्यंत खालचा पाव भिजून लगदा झाला, आणि निम्मे पाव चमच्याने खावे लागले. तेव्हापासून आमचा नियम एकच : पाव तव्यावर भाजायचा आणि पाहुण्यासमोर भरायचा. मोठ्या तव्यावर एका वेळी वीस पाव बसतात आणि त्यांना दोन मिनिटे लागतात. दोनशे पाव दहा घाण्यांत, सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत होतात. भरणारे दोन हात वेगळे असावेत. वर कोबी-कांद्याची लिंबू पिळलेली कोशिंबीर द्यावी. शाकाहारी पाहुण्यांसाठी पनीर किंवा बटाट्याचा पाव करावा, पण त्याचा तवा, उलथने आणि वाढणारा हात अगदी वेगळा ठेवावा. शेजाऱ्यांचा विश्वास अशाच गोष्टींनी टिकतो.

हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून खालचे आकडे केवळ उदाहरण समजावेत. समजा जिवंत कोंबडी 120 रुपये किलो आहे. 30 किलोचे 3600 रुपये झाले. पाव 800, रस-मसाला-कोशिंबीर 900, जळण 400, मजुरी 1200, वाहतूक 300, कागदी थाळ्या 200. एकूण 7400 रुपये, म्हणजे माणशी 74. माणशी 100 रुपये ठरवले तर 2600 रुपये उरतात.

आता कोंबडी 160 झाली असे धरा. खर्च 1200 ने वाढला, उरले 1400. आमच्या ओळखीच्या एका बावर्चीने महिनाभर आधी भाव बांधून घेतला आणि समारंभाच्या आठवड्यात कोंबडी कडाडली. त्याने पावातले मांस कमी केले. पैसे वाचले, पण त्या गल्लीतले पुढचे काम दुसऱ्याला मिळाले. म्हणून बोलणी करतानाच सांगावे : कोंबडीचा भाव ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर फरक घेऊ. ते कागदावर लिहून द्यावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. ओळखीतली उधारी हाच या धंद्याचा मोठा रोग आहे.

सांभाळण्याच्या गोष्टी

शिजलेले मांस वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तयार मांस उघड्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. उरलेले मोठ्या देगेत झाकून ठेवणे ही घातक सवय आहे, कारण मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि विषबाधेचे जंतू तेथेच वाढतात. ते परातीत पातळ पसरून लवकर थंड करावे व फ्रीजमध्ये ठेवावे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा असून 2011 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याखाली लहान खाद्यव्यवसायालाही नोंदणी करावी लागते. मोठी कामे घेण्यापूर्वी ती करून घ्यावी.

भांडवल म्हणून सुरुवातीला एक देग, एक मोठा तवा, दोन शेगड्या आणि एक तापमापक पुरे. देग भाड्यानेही मिळते. पहिले काम घरच्या पंचवीस माणसांचे करावे, वजने वहीत लिहावीत आणि चुका तेथेच करून घ्याव्यात. पंचवीस पाहुणे समाधानाने उठले, तर शंभरांचे बोलावणे त्यांच्याच तोंडून येते.