सापांची भावकी : ‘कुल’ म्हणजे नेमकं काय?



मागच्या पावसाळ्यात शहापूरला घरी होतो, वर्क फ्रॉम होम. रात्री लाईट गेलेली. पडवीत तपकिरी अंगाचा, पांढरट पट्ट्यांचा साप दिसला. “मण्यार, मण्यार!” म्हणत काकांनी काठी घातली. सकाळी ओळखीच्या सर्पमित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर : “कवड्या आहे. बिनविषारी. पाली खायला आला असणार.” आजी एवढंच बोलली, “उगाच मारला रे बिचाऱ्याला.”

तेव्हापासून एक शब्द डोक्यात बसलाय. कुल.

गावात म्हातारी माणसं विचारतात ना, “कोणाचा रे तू?” त्यांना तुमचं नाव नको असतं, भावकी हवी असते. जीवशास्त्रातलं कुल तेच सांगतं.

शाळेतली साखळी आठवा : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. फोनमधल्या फोल्डरमध्ये फोल्डर, तसंच हे. शेवटची फाईल म्हणजे जाती. तिच्या वरचा फोल्डर प्रजाती, त्याच्या वरचा कुल. (पेपरात ‘दुर्मिळ प्रजाती’ छापतात, तिथे बहुतेकदा जाती म्हणायचं असतं.) प्राण्यांच्या कुलाचं शास्त्रीय नाव ‘इडी’ने संपतं, वनस्पतींचं ‘एसी’ने. म्हणजे नुसती शेपटी बघून कळतं, हे कुलाचं नाव आहे.

एका कुलातल्यांचे गुण बरेचदा जुळतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातले, ॲनाकार्डिएसी. आंब्याच्या चिकाने ओठ उततात, काजूच्या टरफलाचं तेल कातडी भाजतं, बिब्ब्याचं तर विचारूच नका!

आता सापांकडे या. नाग फणा काढतो, मण्यार काढत नाही. दिसायला काही साम्य? नाही. तरी दोघं भाऊबंद : कुल इलापिडी. पुढचे विषदंत स्थिर, आणि विषाचा मुख्य मारा मज्जासंस्थेवर. घोणस आणि फुरसं व्हायपरिडी कुलातले. त्यांचे लांब दात घडी होऊन आत जातात, आणि विष मुख्यतः रक्तावर घाव घालतं. कवड्या मात्र कोल्युब्रिडी कुलातला, धामणीच्या भावकीतला. मण्यारीशी त्याचं जवळचं नातं नाही, फक्त कपडे सारखे.

गंमत म्हणजे हा घोळ एकट्या काकांचा नाही. १७५८ साली लिनियसने नाग आणि कवड्या दोघांनाही ‘कोल्युबर’ या एकाच प्रजातीत टाकलं होतं. त्याच्या मांडणीत कुल ही पायरीच नव्हती, ती पुढे आली. नवी माहिती मिळाली की वर्गीकरण बदलतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिफॅक्टर होतो.

पण कुलावर सगळं सोडून चालत नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जातींच्या विषांवर बनतं. सह्याद्रीतला हिरवा चापडाही व्हायपरिडीच, घोणशीच्या भावकीतला. तरी त्याच्या विषासाठी हे औषध बनलेलं नाही. म्हणजे कुल अंदाज देतं, औषधाचं गणित जातीवर ठरतं.

मग चावल्यावर आधी साप ओळखत बसायचं का? अजिबात नाही. त्या चौघांना एकच औषध चालतं, आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. साप पकडायला किंवा मारायला गेलात तर दुसरा दंश होण्याची भीती.

मण्यारीचं विशेष लक्षात ठेवा. ती रात्री फिरते, खाली अंथरुणात झोपलेल्याला चावते, आणि दंश कधी कधी जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटायला लागल्यात, बोलताना जीभ जड होतेय, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून झोपू नका. भगताकडे वेळ घालवू नका. चिरा नको, चोखणं नको, करकचून दोरी बांधणं नको. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

आणि साप घरात दिसला, कोणाला चावलेला नसला, तर लांब उभं राहून सर्पमित्राला बोलवा. आमच्या पडवीत आता काठीच्या जागी त्याचा नंबर लिहिलाय.

तुमच्या गावात कवड्याला काय म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!