पुसेगावचे पाणी : मोजणी, कायदा आणि खरेदी (१९७२–२०२४)

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव (साताऱ्याच्या सेवागिरी महाराजांचे पुसेगाव वेगळे) दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. या खडकात पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. साठा मुळातच तोकडा, पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यापर्यंत उतरणारा. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणे या टापूत आहेत. पण जिथे कालवा पोहोचत नाही, तिथली भिस्त विहिरी आणि बोअरवर असते.

हे पाणी शास्त्रीय पद्धतीने मोजायला सुरुवात झाली ती १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली तेव्हा. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घ्यायची, पाणलोट क्षेत्रनिहाय भरण आणि उपशाचा ताळेबंद मांडायचा, ही शिस्त तिथून आली. कायदा मागून आला, तोही हळू. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. २००९चा व्यापक भूजल कायदा अमलात यायला २०१४ उजाडले.

सरकारच्या हिरव्या, म्हणजे पर्यावरणाचा विचार करून केलेल्या खरेदीचा प्रवास या मोजणी-कायद्यापासून अगदी तुटलेला राहिला. केंद्राने १९९१ मध्ये पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ आणला, पण तो बाजारात फारसा रुजला नाही. सरकारी निविदांत वर्षानुवर्षे सर्वांत कमी दरच जिंकत राहिला. हिरव्या खरेदीचा गावाला ठळकपणे जाणवलेला भाग म्हणजे अनुदानावरचे ठिबक आणि पुढे सौर पंप. सात-आठ महिने रानात उभ्या राहणाऱ्या हळदीच्या या जिल्ह्यात ठिबकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र ठिबकाने वाचलेले पाणी जमिनीत राहिले की वाढीव क्षेत्राला गेले, हे अनुदानाच्या कागदावर कळत नाही.

२०१४च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने नाला खोलीकरणावर भर दिला. भरण वाढवण्याची घाई झाली, उपशाचा प्रश्न मागे पडला. मोजणी, नियोजन आणि खरेदी एका चौकटीत आणण्याचा त्यातल्या त्यात गंभीर प्रयत्न २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दिसतो. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या या प्रकल्पाच्या १५ जिल्ह्यांत हिंगोली होता. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर गावाचा आराखडा बेतण्याची त्याची पद्धत होती.

२०२४च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. पंपाची क्षमता ठरते ती जमिनीच्या क्षेत्रावर : अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. विहिरीला किती झरे आहेत, याचा या कोष्टकात उल्लेख नाही. स्रोताचे पाणी शाश्वत आहे याची खात्री महावितरणने करायची आहे. म्हणजे भूजलाचा निवाडा वीज कंपनीकडे गेला. जलसंधारणाच्या कामांतून साठलेले पाणी या पंपांनी उपसता येणार नाही, अशीही अट योजनेत आहे. अट रास्त आहे, पण नाल्याकाठच्या विहिरीत उतरलेले पाणी कोणत्या बंधाऱ्याचे, हे ठरवणे सोपे नाही. ऊन असेपर्यंत या पंपाला विजेचे बिल नाही, त्यामुळे उपसा थांबवणारा खर्चाचा लगामही उरत नाही. त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या विजेच्या पंपांनाही मोफत वीज मिळू लागली.