एका पानावर तीन लिप्या
ग्रेगोरियन चँट गाणाऱ्यांनी १९७९ सालचं 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' हे चँटचं पुस्तक उघडून बघाच! मधे चार रेघांवर चौकोनी स्वर, वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाँच्या हस्तलिखितातल्या खुणा, खाली लाल शाईत स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन परंपरेतल्या. हजारेक वर्षं जुन्या.

या लाल खुणांवरून नेमका स्वर कळत नाही; चाल भिक्षूंना पाठच असायची. पण लयीचे बारकावे काय टिपलेत! शेजारी बारीक 'सी' असेल तर झपकन पुढे जायचं, 'टी' असेल तर रेंगाळायचं. सगळे स्वर एकाच मापाने गायलेलं चँट मला तरी अळणी लागतं.

या जुन्या खुणांच्या अभ्यासाची पायाभरणी सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठातली. तिथल्या आंद्रे मोकेरो यांनी १८८९पासून हस्तलिखितांची छायाचित्रं छापली. एकाच गीताच्या तर दोनशेहून अधिक प्रती! पाठभेद ताडून बघा म्हणावं.