एकाच खोलीत राहिलेले दोन कैदी

एकाच चित्रपटाविषयी एकाच घरात चार मते असू शकतात, याचा प्रत्यय गेल्या दिवाळीच्या सुटीत आला. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून आम्ही सर्वजण ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा अमेरिकन चित्रपट पाहावयास बसलो. चित्रपट संपला आणि वाद सुरू झाला, तो बराच वेळ चालला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पोर्टलंड शहरातील एका बँकेचा उपाध्यक्ष अँडी डुफ्रेन हा पत्नी व तिचा प्रियकर यांच्या खुनाबद्दल दोन जन्मठेपा घेऊन १९४७ साली शॉशँकच्या तुरुंगात येतो. खून त्याने केलेला नसतो. तेथील प्रमुख नॉर्टन हा कैद्यांच्या श्रमांतून आणि ठेकेदारांच्या लाचेतून माया जमवीत असतो. तिचा हिशेब अँडीला ठेवावा लागतो. अस्तित्वातच नसलेल्या एका इसमाच्या नावे अँडी ती रक्कम जमा करीत जातो आणि रात्री एका लहानशा हातोडीने भिंत कोरीत राहतो. एकोणीस वर्षांनंतर तो सांडपाण्याच्या नळातून पाचशे यार्ड सरपटत बाहेर पडतो आणि त्याच बनावट नावाने निरनिराळ्या बँकांतून तीन लाख सत्तर हजारांहून अधिक डॉलर काढून घेतो.

चिरंजीवांना अँडीच्या चिकाटीचे कौतुक वाटले. सूनबाईंच्या मते चित्रपट फारच गोड आहे; खरा तुरुंग इतक्या सहजासहजी कोणाला जिंकू देत नाही. माझी हरकत निराळी होती. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या पोटात बनावट खाते पाहूनच गोळा येतो. तो पैसा नॉर्टनचा नव्हता हे मान्य. पण मग तो अँडीचा तरी कसा? ज्या कैद्यांनी रस्त्यांवर घाम गाळला, त्यांची मजुरी होती ती. अँडीने खतावणी वृत्तपत्राकडे पाठवून भ्रष्टाचार उघड केला, हे त्याच्या जमेच्या बाजूला. रक्कम मात्र त्याने स्वतःपाशीच ठेवली. माझ्या ताळेबंदात ती बाब आजही जुळत नाही.

मतभेद या चित्रपटाला नवे नाहीत. स्टीफन किंग यांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेवरून फ्रँक डॅराबाँट यांनी तो १९९४ मध्ये काढला. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. चित्रपटगृहांतील पहिल्या फेरीत तेवढेही वसूल झाले नाहीत. ऑस्करची सात नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणीच्या आधारे तो घरोघरी पोहोचला आणि आयएमडीबीवरील प्रेक्षकपसंतीच्या यादीत वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिला.

सर्वांत जुना वाद त्याच्या शेवटाविषयी आहे. मूळ कथा संपते तेव्हा अँडीचा मित्र रेड वाटेवरच असतो; दोघांची भेट होते की नाही, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात मात्र निर्मात्यांच्या सूचनेवरून समुद्रकिनाऱ्यावरील भेटीचा प्रसंग जोडला गेला. अनेक जाणकारांना तो अनावश्यक वाटतो. मलाही तसेच वाटत होते आणि त्या रात्री मी तसे बोलूनही दाखवले.

इतका वेळ गप्प बसलेली आमची सौभाग्यवती तेव्हा म्हणाली, “तुम्ही सगळे पळालेल्या माणसाविषयीच बोलताय. दरवाजातून बाहेर आलेल्या दोघांचं काय?”

ते दोघे म्हणजे ब्रुक्स आणि रेड. तुरुंगाचे ग्रंथालय सांभाळणारा वृद्ध ब्रुक्स सुमारे पन्नास वर्षे आत काढतो. सुटकेची वार्ता कळताच तो एका सोबत्याच्या गळ्याला सुरी लावतो. का, तर नवा गुन्हा घडला की आतच राहता येईल! बाहेर आल्यावर त्याला वसतिगृहातील एक खोली आणि किराणा दुकानात पिशव्या भरण्याचे काम मिळते. त्याच खोलीत तो गळफास घेतो. काही वर्षांनी रेड सुटतो, त्यालाही तीच खोली आणि तसेच काम मिळते. फरक एवढाच, की बकस्टन गावाजवळच्या एका शेताच्या बांधाशी, दगडाखाली, अँडीने त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवलेली असते. पॅरोलच्या अटी मोडून रेड त्या चिठ्ठीच्या आधारे मित्राकडे निघतो.

“ब्रुक्सची वाट बघणारं कुणी नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणून ती भेट दाखवायलाच हवी.”

मला उत्तर सुचले नाही. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने डोळ्यांसमोर उभे राहिले. सकाळी सव्वानऊला तयार होऊन मी खुर्चीत बसून राहत असे. दोनदा तर कारण नसताना जुन्या शाखेत जाऊन उभा राहिलो. चहा मिळाला, पण बोलायला कोणाला सवड नव्हती. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. पुढे एके दिवशी हिनेच आमच्या गल्लीतील दोन वृद्ध विधवांना निवृत्तिवेतनाची कागदपत्रे घेऊन घरी बोलावले. तेव्हापासून आमच्या ओसरीवर दर मंगळवारी चार माणसे येतात. तो योगायोग असावा असे मी समजत होतो.

बनावट खात्याविषयीचे माझे मत मी बदललेले नाही. शेवटच्या प्रसंगाविषयीचे मात्र बदलले आहे.