चित्रातील शहर आणि वर्णनातील क्रियापद

वर्णनपर लेखनाचा विचार करताना येथे आपण एका चित्राकडे वळू. सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. १९७५ ते २००५ या काळात ते ठाण्यात वैद्यकी करीत होते. त्याच वर्षांत त्यांनी मुंबई-ठाण्याची कष्टकरी माणसे आणि बदलत्या वस्त्या रंगवल्या. ‘लोअर परळ’ (२००१) या त्यांच्या चित्रात जुने गिरणगाव आणि त्यात उठलेले नवे मनोरे एकाच चौकटीत येतात.

ही दृश्ये चित्रात एकाच वेळी समोर असतात. भाषेला ती सोय नाही. शब्दामागून शब्द येतो. भाषेच्या या रेषीयतेकडे सोस्यूरने लक्ष वेधले होते. त्यामुळे आधी काय सांगायचे, हे लेखकाला ठरवावेच लागते. पण क्रमापेक्षाही अधिक जोखमीची निवड क्रियापदाची असते. पुढील वाक्ये पाहा :

गिरणी बंद पडली.
गिरणी बंद पाडली.
गिरणी बंद केली.

पहिल्या वाक्यात ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. गिरणी जणू आपोआपच थांबली. ‘पाडणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. ते येताच कोणीतरी कर्ता असल्याचे सूचित होते, मग तो वाक्यात उच्चारलेला असो वा नसो. ‘बंद केली’ या रचनेत निर्णय आणि अधिकार दोन्ही ध्वनित होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाविषयी बोलताना मालक, पुढारी आणि कामगार यांची क्रियापदे एकच असणार नाहीत, हे आपल्या ध्यानी येईल. नामांचेही तसेच : बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले!

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. ‘फिनले’ हे गिरणगावातले नाव. आपल्या अचलपूरची गिरणीही त्याच नावाची. २०२० च्या टाळेबंदीत तिचे काम थांबले. (‘थांबले’ म्हणताना आम्हीही कर्ता टाळला, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेलच.)

स्वाध्याय : आपल्या गावातील बंद असलेली गिरणी, जिनिंग, चित्रपटगृह किंवा रेल्वेस्थानक निवडा. तेथे काम केलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला आणि दहा वाक्यांत वर्णन लिहा. तिने वापरलेली क्रियापदे वऱ्हाडीत असतील तर तशीच ठेवा, अधोरेखित करा आणि प्रत्येकाचा कर्ता कोण ते समासात नोंदवा.